दुःखाचा स्वीकार आणि दुःखाचा शोध

सूत्रपाठातील आचार प्रकरणाचा अभ्यास करताना नवदीक्षित साधकाच्या मनात एक शंका हमखास उभी राहते. स्वदेशाचा त्याग, स्वजनांचा त्याग, भिक्षान्नावर निर्वाह, झाडाखाली वास ही सर्व कष्टाचीच आज्ञा आहे. मग जितके कष्ट अधिक तितका धर्म अधिक, असे का म्हणू नये? शंका भोळी आहे, पण तिच्यापायी पुष्कळ साधक वाया गेले आहेत.

अलिबागेच्या दक्षिणेस समुद्रकाठी नागाव हे माड-पोफळींच्या वाड्यांचे गाव आहे. तेथे माडावर चढणाऱ्याच्या तळपायांना घट्टे पडतात, छाती खरचटते. तो ते चुकवीत नाही. पण घट्टे पडावेत म्हणून कोणी माडावर चढत नाही. वर नारळ आहे म्हणून तो चढतो. आता असा एक मनुष्य कल्पावा, की जो नारळ नसलेल्या माडावर रोज चढतो आणि उतरल्यावर खरचटलेली छाती दाखवीत फिरतो.

असे लोक वासनिकांत आहेत आणि, सांगण्यास संकोच वाटतो, भिक्षुकांतही आहेत. घरातील एखादी वडीलधारी बाई सर्वांच्या मागून शिळेपाके खाते, कोणी ताजे वाढू लागले तर रागावते, आणि वर्षानंतर त्या प्रत्येक घासाचा हिशेब सुनेपुढे मांडते. एखादा भिक्षुक उपवास वाढवीत नेतो. देह इतका क्षीण होतो की स्मरणास बसवत नाही, तरी ‘अमक्यापेक्षा दोन दिवस अधिक’ ही गणना चुकत नाही. आज्ञेचे प्रयोजन असंग हे आहे, कष्ट नव्हे. देहास पीडा देऊन फळ मागणे ही देवताभक्तीची रीत. ते फळही नाशिवंत. कित्येकदा अशा उपवासाच्या मुळाशी एखादा घडलेला दोष असतो. तो गुरूंपुढे निवेदन करून प्रायश्चित्त मागणे अवघड वाटते, म्हणून साधक आपला दंड आपणच ठरवितो आणि आपणच भोगतो. त्या मानाने उपवास सोपा! विषयभोगी मनुष्यास आपण भोगी आहोत हे ठाऊक तरी असते. दुःखभोगी मात्र स्वतःस त्यागी समजतो.

दुःख संपले असता काय वाटते, यावरून दोघांतील भेद कळतो. त्याच अलिबाग तालुक्यातील चरी येथे ऑक्टोबर 1933 मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 25 गावांच्या कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निश्चय केला. 1939 पर्यंत शेते पडीक राहिली. लाकूडफाटा विकून लोकांनी दिवस काढले, उपासमार सोसली. पण उपासमार त्यांनी मागितली नव्हती. खोतीचा जाच सुटावा एवढेच मागितले होते. संप मिटल्यावर ते पुन्हा शेतात उतरले. दुःख शोधणाऱ्यास असा मिटण्याचा दिवस नकोच असतो.

परमार्गात विरहदुःखाची थोरवी आहे, तिचे काय, असे कोणी विचारील. ते दुःख भटोबासांनी शोधले नव्हते. सन्निधान अंतरले म्हणून ते प्राप्त झाले. श्रीगोविंदप्रभूंच्या प्रयाणानंतर ऋद्धिपुरी ते एकांती लीळांचे स्मरण करीत असत. आपण काय करीत असता, असे म्हाइंभटांनी पुसले, आणि त्या स्मरणातूनच लीळा संकलित करण्याचा विचार निघाला. मग ज्यांनी ज्यांनी सर्वज्ञांस पाहिले होते, त्यांच्या गावी जाऊन म्हाइंभट एकेक लीळा लिहून घेऊ लागले.