सर, सोफा कधी येणार?

निवृत्तीनंतर फेसबुकवर आलो मुलाच्या आग्रहाने, रमलो मात्र विद्यार्थ्यांमुळे. सांगलीच्या शाळेतली मुलं पुण्यात, दुबईत, कुठेकुठे पांगलेली. ती एकेक करून सापडत गेली. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर चढलं, तेव्हा कुठल्या गल्लीत म्हातारी माणसं अडकलीत आणि बोट कुठवर पोचलीय, ते याच मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळायचं. धरण फुटल्याची आवईही तिथंच उठली, पण ती तासाभरात विरली.

आपल्याच चेहऱ्याने दुसरा कुणी बोलू लागला, तर ते इतक्या लवकर निस्तरत नाही.

एका सकाळी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, “सर, सोफा कधी येणार?” माझ्या नावाने, माझाच फोटो लावून कुणीतरी नवं खातं उघडलं होतं. त्यावरून त्याला मेसेज गेला: सीआरपीएफमधल्या मित्राची बदली झालीय, फर्निचर स्वस्तात काढतोय, मी स्वतः पाहिलंय. मराठी इतकं मोडकं, की वर्गात मी तो कागद लाल शाईने भरून टाकला असता. पोराला शंका आली होती. “पण सरांना उलट कसं विचारायचं?” म्हणाला, आणि पैसे पाठवून मोकळा झाला. हे भामटे शिक्षक, डॉक्टर, निवृत्त अधिकारी असे लोक का निवडतात, ते मला तेव्हा उमगलं. लोक ज्यांना प्रश्न विचारायला बिचकतात, त्यांचीच नावं चालतात.

माझा पासवर्ड कुणी चोरला नव्हता. त्याची गरजच नव्हती. फोटो उघडा आणि मित्रयादीही उघडी, एवढ्यावर काम भागतं. म्हणून पहिलं काम म्हणजे सेटिंग्जमध्ये जाऊन मित्रयादी फक्त स्वतःला दिसेल अशी करा आणि प्रोफाइल लॉक करा. जुने मित्र आपल्याला शोधू शकतात, अडत काही नाही.

बनावट खातं बहुधा आपल्याला आधीच ब्लॉक करून ठेवतं. आपण शोधत बसतो आणि ते दिसतच नाही. दुसऱ्याच्या फोनवरून उघडा, त्याची लिंक कॉपी करून घ्या (नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, एकाच नावाची ढीगभर खाती असतात) आणि मित्रांनाही रिपोर्ट करायला सांगा.

पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० हा क्रमांक फिरवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते, म्हणून लाजेपायी घालवलेला तास महाग पडतो. आमच्या पोराची थोडी रक्कम अशीच अडकवता आली, बाकीची गेली. मग पोलिसांत लेखी तक्रार द्या. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे.

विद्यार्थ्यांना आता बजावून ठेवलंय: माझ्या नावाने पैशाची गोष्ट निघाली, की फोन लावायचा आणि खुशाल उलटतपासणी घ्यायची. प्रश्न मात्र असा विचारा, ज्याचं उत्तर आपल्या स्नेहमेळाव्याच्या फोटोंखाली कुणी लिहून ठेवलेलं नाही.