परसात जाशील तेव्हा

अगं, हॉर्न्सबीला घर घेतलंस, मागे एवढी मोकळी जागा आहे आणि कुंपण ओलांडलं की गमच्या झाडांचं रान, हे ऐकून फार बरं वाटलं. कढीपत्ता कुठे लावायचा आणि पेरू कुठे, ते तुझं तू बघशीलच. मला सांगायचंय ते तुझ्या आधीपासून त्या परसात राहणाऱ्या मंडळींबद्दल. मी सिडनीत नवी होते तेव्हा शेजारच्या आजींनी यातलं बरंचसं मला सांगितलं, आता मी तुला सांगते. मुळाशी एकच गोष्ट धर: हात आवर. माया दाटून आली की आपला हात पुढे होतो, आणि घाबरलो तरी होतो. इथल्या जनावरांना दोन्ही हात बाधतात, आणि आपल्यालाही.

सापापासूनच सुरुवात करते, कारण तुझ्या मनात पहिली धास्ती त्याचीच असणार. साप दिसला की आपल्याकडे आधी काठी शोधतात. इथे तसं करायचं नाही. सापाला मारणं कायद्याने गुन्हा आहे, आणि मारायला किंवा पकडायला गेलं की चावून घेण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आधी जागच्या जागी थांब, मग सावकाश मागे सर. लेकराला आणि कुत्र्याला घरात घे, दार लाव, खिडकीतून लक्ष ठेव. बहुतेक वेळा तो आपल्या वाटेने निघून जातो. गेला नाही, किंवा घरात शिरला, तर परवाना असलेल्या साप पकडणाऱ्याला बोलाव. तो कोणत्या जातीचा हे जवळ जाऊन बघत बसू नकोस. डायमंड पायथन बिनविषारी असतो, माळ्यावरचे उंदीर खातो. पण ईस्टर्न ब्राऊन अतिशय विषारी आणि त्याचा रंग फिकट पिवळसर ते गडद तपकिरी कसाही असू शकतो. रंगावरून ठरवायला गेलीस तर फसशील.

आणि उंदीर आले की त्यांच्यामागे साप येतो, हे पक्कं लक्षात ठेव. कंपोस्टचं झाकण घट्ट हवं, कुंपणालगत लाकडं आणि पत्रे रचून ठेवायचे नाहीत, गवत वाढू द्यायचं नाही. उंदरांसाठी विष मात्र ठेवू नकोस. ते खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा टॉनी फ्रॉगमाउथने खाल्ला की पक्षीही मरतो.

साप चावलाच, तर काय करायचं हे आज जावईबापूंना जवळ बसवून दोघांनी एकमेकांच्या पायावर करून बघा. जखम धुवायची नाही, कारण त्वचेवर राहिलेल्या विषावरून रुग्णालयात सापाचा गट ओळखता येतो. चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीही आवळायची नाही. दहा-पंधरा सेंटिमीटर रुंदीचं इलॅस्टिक बँडेज आधी चाव्यावर गुंडाळ. मग दुसरं घे आणि बोटांपासून सुरू करून वर जाता येईल तेवढं सगळ्या हातापायावर गुंडाळत ने. मुरगळलेल्या पायाला बांधतो तेवढं घट्ट हवं. काठीचा आधार बांधून तो अवयव हलू देऊ नकोस, आणि माणसाला एक पाऊलही चालवू नकोस. मग ००० ला फोन. दोघं असाल तर एकाने आधीच फोन लावायचा. ऑस्ट्रेलियात साप चावून वर्षाला सरासरी दोन-तीन माणसंच दगावतात, त्यात या बँडेजचा आणि प्रतिविषाचा मोठा वाटा आहे. अशी दोन-तीन बँडेजं घरात आणि एक गाडीत ठेव.

कोळ्यांचं त्या मानाने थोडक्यात. तळहाताएवढा हंट्समन भिंतीवर दिसला तर किंचाळू नकोस, तो झुरळं खातो. फार वाटलं तर वरून डबा ठेव, खालून पुठ्ठा सरकव आणि बाहेर सोड. काळा, तकतकीत फनेल-वेब मात्र वेगळा. पावसानंतर त्यांचे नर भटकायला निघतात. म्हणून बाहेर ठेवलेले बूट आणि बागेचे हातमोजे झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, आणि पोहण्याच्या तलावात पडलेला कोळी मेलेला वाटला तरी हाताने काढायचा नाही. पाण्याखाली तो कित्येक तास जिवंत राहतो. तो चावला तर सापासारखंच बँडेज. डॉक्टर स्ट्रुअन सदरलँड यांनी तयार केलेलं त्याचं प्रतिविष १९८१ मध्ये आलं, आणि तेव्हापासून फनेल-वेब चावून इथे कोणी दगावलेलं नाही. पाठीवर लाल पट्टा असलेला रेडबॅक कुंड्यांच्या कडेखाली, खुर्च्यांखाली असतो. त्याच्या चाव्यावर बँडेज बांधायचं नाही, बर्फ लावायचा आणि डॉक्टरकडे जायचं.

आता मायेच्या हाताबद्दल, आणि हे मला जास्त कळकळीने सांगायचंय. पितृपक्षात तू कावळ्यासाठी पान ठेवशील, ठाऊक आहे मला. इथे रेवन आहेत, येतीलही. पण आपला पितृपक्ष येतो तो इथल्या वसंतात, नेमका मॅगपाय आणि इतर पक्ष्यांच्या घरट्यांच्या दिवसांत. भात, पोळी, पाव त्यांच्या पिल्लांच्या पोटात जाऊ नये. किडे खाऊन वाढायचं शरीर आहे त्यांचं. दुकानातला खिमाही नको, त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं आणि पिल्लांची हाडं ठिसूळ राहतात. उरलेल्या अन्नावर रात्री उंदीर येतात ते वेगळंच. पान घरात वाढ, नमस्कार कर, आणि पितरांच्या नावाने बाहेर पाणी ठेव. पसरट, उथळ भांडं, सावलीत, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर. एक जमिनीवरही ठेव आणि त्यात दगड टाक, म्हणजे पालीसरड्यांना बाहेर येता येईल. जानेवारीत पारा चाळिशीपार गेला की या पाण्याचं मोल कळतं. रोज बदलायचं मात्र.

मॅगपाय त्या दिवसांत डोक्यावर झेप घेतात म्हणून त्यांचा राग धरू नकोस. झेपावणारे बहुतेक नर असतात, तेही सगळे नाहीत, आणि पिल्लं उडाली की थांबतात. त्यांना माणसांचे चेहरे ओळखता येतात, लक्षातही राहतात. म्हणून दगड मारणं सगळ्यात वाईट. मुलाला टोपी आणि गॉगल घाल, सायकलवरून उतरून चालायला सांग, पळू देऊ नकोस, आणि ते काही आठवडे दुसऱ्या रस्त्याने ने.

जमिनीवर पिसं फुटलेलं पिल्लू बसलेलं दिसलं तर लगेच उचलू नकोस. आईबाप जवळच असतात, उडायला शिकण्याचेच ते दिवस. मांजर-कुत्रं दूर ठेव आणि लांबून बघ. जखमी वाटलं तरच वायर्स संस्थेला फोन कर, १३०० ०९४ ७३७. हा नंबर फ्रिजवर लावून टाक.

ब्लू टंग लिझर्ड दिसला तर नशीब समज. आखूड पायांचा, जाडजूड, निळी जीभ काढून फुसफुसतो, पण ते नुसतं भिववणं असतं. तुझ्या पालकावरच्या गोगलगायी तोच खाणार. त्यासाठी गोगलगायींचं विष टाकायचं नाही आणि गवत कापायच्या आधी एक फेरी मारून बघायची.

पॉसम छपरात शिरला तर पिंजरा लावून लांबच्या रानात सोडून येऊ असं जावईबापू म्हणतील. नको. कायदा तसं करू देत नाही, आणि परक्या हद्दीत सोडलेला पॉसम बहुधा जगत नाही. झाडावर लाकडी पेटी टांग, आणि अंधार पडल्यावर तो बाहेर गेला की छपराचं भोक बुजव. पाठीवरचं पिल्लू आत राहिलेलं नाही ना, एवढं आधी बघून घे.

राहिली वटवाघळं. पेरू पिकला की येणारच. पडलेलं, अडकलेलं वटवाघूळ कितीही केविलवाणं दिसलं तरी हात लावायचा नाही. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात लिसाव्हायरस असतो, १९९६ मध्ये तो सापडला, रेबीजचाच भाऊबंद. नख लागलं तरी जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. झाडावर मोठ्या भोकांची जाळी टाकली की ती त्यातच अडकून मरतात. व्हिक्टोरियात २०२१ पासून पाच मिलिमीटरपेक्षा मोठ्या भोकांच्या जाळीला बंदी आहे, तू इथेही तोच नेम पाळ. दुकानात जाळीत बोट घालून बघ, आरपार गेलं तर घेऊ नकोस. खरं तर तुमच्या तिघांपुरते पेरू हवे असतील तर हाताशी येणाऱ्या फळांना कापडी पिशव्या बांध, जाळीची गरजच नाही. शेंड्यावरचे त्यांचे.