मीटर युनिट मोजण्यासाठी, घर मोजण्यासाठी नव्हे



उसाची गाडी काट्यावर चढते तेव्हा काय होते? भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, वजाबाकी आणि पावती. किती ऊस आला हे कारखान्याला कळते आणि सभासदालाही आपले वजन पडताळता येते. पण काटेवाल्याने जर विचारले, "या पैशातून घरी काय घेणार?", तर आपण म्हणू, "बाबा, तू तुझं वजन कर." विजेच्या मीटरचा हिशेब असाच ठेवावा, हे या पाठाचे सांगणे आहे.

नवे मीटर काय टिपते?

जुन्या मीटरचा आकडा महिन्यातून एकदा घेतला जाई. त्यावरून घरात ९० युनिट जळले एवढेच कळे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या वितरण सुधारणा योजनेतून आलेले स्मार्ट मीटर दर १५ किंवा ३० मिनिटांनी नोंद घेते आणि ती स्वतःच कंपनीकडे पाठवते. अर्ध्या तासाची एक नोंद धरली तर दिवसाला ४८ आणि महिन्याला १,४४० आकडे झाले.

या आकड्यांचा फायदा आहे, हे आधी मान्य करू. घर बंद होते म्हणून 'सरासरी' बिल आले, ही तक्रार कमी होते. कोणत्या रोहित्रावर किती वीज मुरते ते सापडते. जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळच्या वापरावर सवलत जाहीर झाली, तीही वेळेची नोंद असल्याशिवाय देता येत नाही.

पण याच आकड्यांतून घरही दिसू लागते. कूलर कधी सुरू झाला, पहाटे मोटार किती वाजता लागली, घरचे लोक लग्नाला गेल्यामुळे घर चार दिवस बंद होते का, हे जाणकाराला ओळखता येते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले होते, की घराबाहेरच्या एका मीटरवरून आतली कोणती उपकरणे चालू-बंद होतात ते सांगता येते. अर्ध्या तासाच्या नोंदीत प्रत्येक दिवा दिसत नाही. आपण टीव्हीवर काय पाहतो हे मीटरला कळते, अशा अफवांवरही विश्वास ठेवू नये. मात्र घर रिकामे आहे हे दिसते, आणि चोराला तेवढे पुरते.

दुसऱ्या देशांत काय झाले?

नेदरलँड्समध्ये असे मीटर सक्तीने बसवण्याचा कायदा येऊ घातला होता. घरातील खासगीपणाच्या प्रश्नावर २००९ साली तिथल्या वरिष्ठ सभागृहात तो अडला आणि पुढे सक्ती निघाली. अमेरिकेत नेपरव्हिल गावच्या खटल्यात २०१८ साली अपील न्यायालयाने म्हटले, की १५-१५ मिनिटांच्या नोंदी घेणे ही एक प्रकारची घरझडतीच आहे. वीजपुरवठ्याच्या कामासाठी ती चालेल, पण पोलिसी तपासासाठी घेतली तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सरकारला त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण सरकारी यंत्रणांना त्यात मोठ्या सवलती आहेत, म्हणून सावध राहणे आपल्यालाच भाग आहे.

हेतू चांगला, रीत वाईट

गावोगावची 'गुड मॉर्निंग पथके' आपण पाहिली आहेत. हागणदारीमुक्ती हवीच होती. पण पहाटे शिट्ट्या वाजवायच्या, बायामाणसांना अडवायचे, फोटो काढायचे, याला स्वच्छता कसं म्हणायचं? विजेचेही तसेच आहे. तारेवर आकडा टाकणे ही चोरीच, आणि तिचा भार प्रामाणिक ग्राहकावर पडतो. चोराची बाजू आम्ही घेत नाही. परंतु एका चोरासाठी साऱ्या वस्तीला चोर समजून घरात शिरणे कायद्यालाही मान्य नाही.

२००३ चा वीज कायदा काय सांगतो?

१. कलम १६३ प्रमाणे अधिकृत माणसाला मीटर पाहण्यासाठी आत येता येते, पण वाजवी वेळी आणि घरच्यांना कळवून. विनाकारण अडवू नये. अडवल्यास २४ तासांची लेखी नोटीस देऊन वीज तोडता येते.

२. वीजचोरीच्या संशयावरून झडती कलम १३५ खाली होते. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात, घरातला प्रौढ पुरुष हजर नसेल तर, राहत्या घराची तपासणी वा झडती घेता येत नाही. शब्द जुन्या वळणाचे आहेत, पण घरी एकट्या असलेल्या आयाबहिणींनी हे कलम पाठ ठेवावे.

३. जप्त केलेल्या वस्तूंची यादी करून घरच्यांना द्यावी लागते. वाचल्याशिवाय सही करू नका. मान्य नसेल तर तसे सहीशेजारी लिहा आणि प्रत मागा.

४. कलम १२६ खाली अनधिकृत वापराची आकारणी आली तर लेखी हरकत घ्या. तुमचे म्हणणे ऐकून अंतिम आदेश द्यावा लागतो. त्यावर ३० दिवसांत अपील करता येते. मात्र निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

५. बिलाची, मीटरची तक्रार ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि तिथे समाधान न झाल्यास विद्युत लोकपालांकडे नेता येते. कलम १२६ आणि १३५ ची प्रकरणे तिथे चालत नाहीत. मुदत वाया घालवू नका.

सभासदांनी काय करावे?

दारात आलेल्या माणसाचे ओळखपत्र पाहा. नाव, तारीख, वेळ वहीत लिहा. गावातला कोणी पदाधिकारी, समिती किंवा कर्मचारी कुणाच्या घरचा वीजवापर मागू लागला, तर एकच प्रश्न विचारा: कोणत्या कायद्याने, कोणत्या कामासाठी? थकबाकीच्या यादीसोबत कुणाच्या घरातल्या उपकरणांची चर्चा चावडीवर होऊ देऊ नका. आज शेजाऱ्याची झाली तर उद्या आपली होईल. हा विषय ग्रामसभेत घ्या आणि ठराव लिहून घ्या.

वीज वापरली तेवढ्याचे बिल वेळेवर भरणे हे आपले कर्तव्य. घराचा उंबरठा राखणे हा आपला हक्क. दोन्ही सांभाळावीत, एवढीच विनंती.