गाडा पुन्हा उभा राहतो : गाडीवर खाद्यपदार्थ विकणाऱ्या ताईंसाठी सुरक्षेचा पाठ

मैत्रिणींनो, पावसाळा आला की आपल्या मुळशीत दोन गोष्टी ठरलेल्या. खाचरात भाताची लावणी सुरू होते आणि ताम्हिणीच्या रस्त्याला शहरातल्या गाड्यांची रांग लागते. त्या रांगेवर आपल्या कितीतरी जणींची चूल पेटते. कुणी भजी-चहा करतं, कुणी कणसं भाजतं, कुणी पिठलं-भाकरी देतं. तिकडे हिंजवडीच्या बाजूला सकाळी पोह्यांची गाडी आणि दुपारी जेवणाचा टेम्पो वर्षभर चालतो.

धंदा कसा वाढवायचा हे आपण प्रशिक्षणात पुष्कळ ऐकलंय. आजचा पाठ वेगळा आहे. सकाळी गाडी घेऊन गेलेली बाई संध्याकाळी धडधाकट घरी कशी येईल, एवढंच यात बघायचं आहे. बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, आणि शेवटी दिलेलं काम त्याच दिवशी करावं.

पुलाच्या वाडीत काय घडलं

२५ जुलै २०२४ ची पहाट आठवा. त्या चोवीस तासांत आपल्या ताम्हिणीत ५०० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडला होता. खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडलेलं होतं. पुण्यात डेक्कनजवळ नदीकाठी पुलाची वाडी आहे. तिथं अंडाभुर्जीचा गाडा चालवणारे तीन तरुण, पाणी वाढतंय म्हणून गाडा हलवायला गेले. विजेचा धक्का लागून तिघांचाही जीव गेला.

बाहेरचा माणूस म्हणेल, गाड्यासाठी कोण एवढा धोका पत्करतो? त्या पोरांच्या मनात काय होतं ते आपण सांगू शकत नाही. पण आपल्या मनात काय येईल ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. गाड्यावर गटाचं कर्ज आहे, हप्ता दहा तारखेला आहे, सिलिंडर कालच भरून आणलाय, कढई आणि भांडी स्वतःच्या पैशाची आहेत. पाणी गुडघ्याला लागलं तरी आपण म्हणू, "एवढं काढून घेते आणि येतेच."

म्हणून पहिला नियम हा. काय सोडून द्यायचं आणि केव्हा निघायचं हे घरी, शांतपणे, आधीच ठरवायचं. पाणी आल्यावर ठरवायला बसलं की मन गाड्याकडेच ओढतं.

निघायच्या खुणा

खालीलपैकी एक जरी खूण दिसली तरी गॅस बंद करायचा, गल्ला उचलायचा आणि निघायचं. वेळ असेल तरच बाकीचं सामान.

ओढ्याचं किंवा धबधब्याचं पाणी अचानक गढूळ झालं, किंवा त्यातून काटक्या-पालापाचोळा येऊ लागला, तर वर मोठा पाऊस झालाय असं समजा. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी पाणी येतं.

डोंगरावरून बारीक दगड-माती घसरू लागली, झाडं कलली, रस्त्याला नवी भेग पडली, तर दरडीची शंका घ्या. माळीण आपल्याच जिल्ह्यातलं. ३० जुलै २०१४ ला तिथं काय झालं ते कुणाला सांगायला नको. घाटात गाडी लावताना मागच्या कड्याकडे आधी बघा. जिथं आधी दरड पडल्याची माती दिसते तिथं धंदा कितीही चांगला असो, गाडी लावू नका.

धरणातून विसर्ग वाढवणार असा निरोप आला, तर मुळा आणि मुठा दोन्ही नद्यांच्या काठच्या गाड्या त्याच वेळी हलवा. पाणी चढायची वाट बघू नका.

ढग गडगडू लागले की झाडाखाली थांबू नका आणि लोखंडी दांड्याच्या मोठ्या छत्रीला धरून उभ्या राहू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं 'दामिनी' नावाचं मोबाइल अ‍ॅप आहे. जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते इशारा देतं. गटातल्या एखाद्या मुलीकडून ते मोबाइलमध्ये घालून घ्या.

आणखी एक. पावसाळ्यात पर्यटनाच्या ठिकाणांसाठी जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात. शनिवारचा माल भरण्याआधी ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांकडे चौकशी करा. माल वाया जात नाही आणि पोलिसांशी वादही होत नाही.

वीज : ओला हात, लोखंडी गाडा

आपला गाडा लोखंडाचा. खाली ओली जमीन, हात ओले, पायात बहुतेक वेळा साधी चप्पल. अशा वेळी वायरचं आवरण एका जागी जरी सोललेलं असलं तरी सगळा गाडा करंट मारतो. म्हणून:

- तारेवर आकडा टाकून दिवा लावू नका. बॅटरीवरचा, चार्जिंगचा एलईडी दिवा घ्या. रात्रीच्या दोन-तीन तासांना तो पुरतो.
- शेजारच्या दुकानातून रीतसर लाइन घेतलीच, तर वायर अखंड हवी, मध्ये टेप लावलेला जोड नको. ती जमिनीवरून, पाण्यातून नेऊ नका. दुकानात आरसीसीबी बसवलेला आहे का ते वायरमनला विचारा. करंट गळायला लागला की तो स्वतःहून लाइन तोडतो.
- ताडपत्रीची दोरी विजेच्या खांबाला बांधू नका.
- गाडा हलवायचा असेल तर आधी मेन स्विच बंद, मग प्लग काढायचा, मगच गाड्याला हात. पाणी साचलं असेल आणि लाइन बंद आहे की चालू हे कळत नसेल, तर गाड्याला हात लावायचाच नाही.

कुणाला धक्का बसला तर तिला हातानं ओढू नका. आपणही चिकटतो. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं वायर बाजूला करा. रस्त्यावरची तार तुटून पडली असेल तर लाकूडही चालत नाही. लांब राहा, इतरांना अडवा आणि महावितरणला १९१२ वर फोन करा.

गॅस आणि तेल

धंद्याला घरगुती लाल सिलिंडर वापरायला कायद्यानं बंदी आहे. १९ किलोचा निळा व्यावसायिक सिलिंडर घ्या. लहान गाडीला ५ किलोचा छोटा सिलिंडरही मिळतो. घरगुती सिलिंडरनं अपघात झाला तर जखम आपली, भरपाईची अडचण आपली आणि गुन्हाही आपल्याच नावावर.

सिलिंडर घेताना त्याच्या वरच्या पट्टीवरची अक्षरं वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे वर्षाचे. ती मुदत उलटून गेली असेल तर तो सिलिंडर परत करा.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साठून राहतो. म्हणून बंद टेम्पोत स्वयंपाक करत असाल तर नुसती खिडकी उपयोगाची नाही, तळाशीही भोकं हवीत. घाटातल्या वाऱ्यानं शेगडी विझते आणि गॅस तसाच चालू राहतो. शेगडीला तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा करा. सिलिंडर नेहमी उभा ठेवा, साखळीनं बांधा. नळी आयएसआय शिक्क्याची घ्या आणि पाच वर्षांत बदला, चीर दिसली तर लगेच. दर आठवड्याला जोडांवर साबणाचं पाणी लावून बघा, फुगे आले तर गळती आहे. चालत्या गाडीत शेगडी कधीच पेटती नको. निघताना आधी रेग्युलेटर बंद.

वास आला तर काडी ओढू नका, स्विच दाबू नका, गाडी चालू करू नका. रेग्युलेटर बंद करा, लोकांना लांब करा आणि लांब जाऊनच १९०६ वर फोन करा. गॅस गळतीसाठी हा नंबर चोवीस तास चालू असतो.

तेलाची कढई अर्धीच भरा. कढईवरची ताडपत्री गळत नाही ना, हे रोज सकाळी बघा. पावसाचे थेंब उकळत्या तेलात पडले की तेल अंगावर उडतं. तेलानं पेट घेतला तर पाणी ओतू नका. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटलेलं तेल चहूकडे फेकतं. गॅस बंद करा, मोठं झाकण कढईवर सरकवा आणि गार होईपर्यंत उघडू नका. हे झाकण भांड्यांच्या तळात नको, हाताशी टांगून ठेवा. पावडरचा एक लहान अग्निशामक सिलिंडरही गाडीत असू द्या आणि तो कसा चालवायचा ते गटातल्या सगळ्या जणींनी शिकून घ्या.

पदर किंवा ओढणी खोचून त्यावर सुती एप्रन घाला. भाजलं तर भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. फोड फोडू नका. चेहरा, हात भाजला किंवा जखम मोठी असेल तर १०८ ला फोन करा.

रस्ता, अंधार आणि माणसं

वळणावर आणि वळणाच्या लगेच पुढे गाडी लावू नका. धुक्यात गाडीवाल्याला आपण दिसत नाही. शिवाय गिऱ्हाईक अर्ध्या रस्त्यात गाडी थांबवतं. रस्त्यापासून आत, गाड्या उभ्या राहायला जागा असेल तिथंच थांबा. चाकांना पुढून-मागून दगड लावा. गाडीच्या मागे चमकणारी पट्टी चिकटवा. गिऱ्हाइकाला रस्त्याच्या बाजूनं उभं करू नका, पोरांना तर नाहीच.

घाटात एकटीनं धंदा करू नका, निदान दोघी असा. अंधार पडायच्या आत आवरायचं. पिऊन आलेल्या टोळक्याशी वाद घालू नका. "गॅस संपला" म्हणा आणि बंद करा. गेले दोन प्लेटचे पैसे तर जाऊ देत. अंगावर आलं तर ११२ लावा. ऑनलाइन पैसे दिल्याचा फोटो दाखवला तर त्यावर विश्वास नको. आपल्या मोबाइलवर किंवा साउंडबॉक्सवर आल्याशिवाय पैसे आले असं धरू नका. दिवसाचा गल्ला एकाच जागी ठेवू नका.

गिऱ्हाइकाचं पोटही आपल्या हातात

पावसाळ्यात झऱ्याचं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी प्यायला देऊ नका, उकळून घ्या. भजी वर्तमानपत्राच्या कागदात देऊ नका, शाईतलं शिसं पोटात जातं. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे. त्याखाली छोट्या गाडीवाल्यालाही नोंदणी लागते. नोंदणीचा १४ आकडी क्रमांक गाडीवर दिसेल असा लावा. उद्या कुणी तक्रार केली तर तो कागद आपल्या बाजूनं बोलतो.

गटाचं काम : गाडा सोडायचं बळ देणं

आता मूळ गोष्टीकडे येऊ. बाई गाडा सोडून निघत नाही, कारण गाडा गेला तर हप्ता कोण भरणार, हा प्रश्न तिच्या डोक्यात असतो. या प्रश्नाचं उत्तर तिला एकटीला देता येत नाही. गटानंच द्यावं लागतं.

समजा आपल्यातल्या एकीचा गाडा पुरात गेला. पुढच्या बैठकीत आपण तिला काय म्हणणार? "हप्ता आणला का?" की "तू आलीस ना, बस"? ती पुराच्या वेळी काय करेल, हे या उत्तरावर ठरतं. आणि ते उत्तर तिला आज माहीत असायला हवं.

म्हणून पावसाळ्याआधीच्या बैठकीत एवढं करा.

१. ठराव वहीत लिहा : "नैसर्गिक आपत्तीत किंवा आगीत सदस्येचा गाडा किंवा माल गेल्यास तिच्या अंतर्गत कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलले जातील व दंड लागणार नाही." तीन महिने की आणखी किती, ते तुमच्या गटानं ठरवा.

२. ग्रामसंघाच्या व्हीआरएफ निधीतून अशा वेळी मदत देता येईल का, हे सीआरपी ताईंकडून विचारून घ्या.

३. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे. १८ ते ७० वयाच्या सदस्येचा अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं, त्यामुळे मे महिन्यात खात्यात पैसे ठेवा. बँकेचं कर्ज असेल तर गाड्याचा आणि मालाचा विमा काढलाय का, तेही बँकेत विचारा.

४. गाडीवाल्या दोन-दोन जणींची जोडी लावा. कुठं गाडी लावली आणि किती वाजता निघाली, एवढा निरोप रोज एकमेकींना द्या. निरोप आला नाही तर दुसरीनं फोन करायचा.

५. एक पुठ्ठा घ्या. त्यावर मोठ्या अक्षरात लिहा : ११२ पोलीस, १०८ रुग्णवाहिका, १०१ अग्निशमन, १९०६ गॅस, १९१२ महावितरण. खाली जोडीदारणीचा नंबर. प्लॅस्टिकमध्ये घालून गाडीच्या आतल्या बाजूला लावा. घाटात कुठं रेंज येते तेही त्यावर लिहून ठेवा.

शेवटी प्रत्येक गाडीवालीनं उभं राहून सगळ्यांसमोर दोन गोष्टी सांगायच्या. "माझी गाडी अमुक ठिकाणी उभी असते. आणि अमुक दिसलं की मी गाडा सोडून निघेन." बाकीच्यांनी तिला एवढंच म्हणायचं, "निघ गं, गाड्याचं आपण बघू."