सामान्य मुसलमान गृहस्थाचा नित्यधर्म

वर्गांत एकाच बांकावर बसणाऱ्या मुलांस परस्परांच्या घरांतील धर्माची ओळख बहुधा सणापुरतीच असते. मुसलमान सोबत्याविषयीं विचारिलें तर ईदचा शीरखुर्मा आठवतो, त्यापलीकडे मौन. म्हणून सण बाजूस ठेवून साध्या दिवसांत त्याच्या घरच्यांची श्रद्धा कोठें कोठें दिसते, तें पाहूं.

नमाजाच्या पांच वेळा सूर्यावरून ठरतात. म्हणून त्या वर्षभर मागेंपुढें सरकतात. नमाजापूर्वीं वजू करावा लागतो. पाणी न मिळाल्यास स्वच्छ मातीनें तयम्मुम करितात. उभें राहवत नसल्यास बसून, बसवत नसल्यास निजून नमाज पढावा. या धर्मास केवळ कठोर म्हणणारांनीं ह्या सवलतींकडे अवश्य पाहावें. पुढच्या कामाविषयीं बोलतांना मुसलमान मनुष्य ‘इन्शाअल्ला’, म्हणजे देवाची इच्छा असल्यास, असें म्हणतो. ख्रिस्ती विद्यार्थ्यांस याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय येथें आठवेल.

चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारें ११ दिवसांनीं लहान असल्यामुळें रमजान महिना सुमारें ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. ज्यानें बालपणीं कोंकणच्या पावसांत रोजे धरिले, त्यास पुढें वैशाखाच्या उन्हांतही ते धरावे लागतात. आजारी व प्रवासी यांनीं सुटलेले रोजे मागाहून पुरे करावे. वृद्ध व जर्जर मनुष्यानें प्रत्येक रोज्याबद्दल एका गरिबास जेवूं घालावें.

परंतु श्रद्धेची खरी कसोटी पैशाच्या व्यवहारांत लागते. ठराविक मर्यादेहून अधिक संपत्ति एक चांद्रवर्ष जवळ राहिली, तर तिचा चाळीसावा हिस्सा जकात म्हणून द्यावयाचा. सोन्याची मर्यादा आपल्याकडे साडेसात तोळे धरितात. राहतें घर व अंगावरचीं वस्त्रें हिशेबांत येत नाहींत. दागिन्यांविषयीं मात्र मतभेद आहे: हनफी पंथ ते मोजतो, कोंकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत, आणि त्या पंथांत स्त्रियांच्या नेहमींच्या वापरांतील दागिन्यांवर जकात नाहीं. सबब एकाच गांवांतील दोन घरांचा हिशेब भिन्न निघूं शकतो. सरकारी कर वसूल करण्यास अधिकारी येतो. येथें बहुधा ज्याचा तोच हिशेबनीस.

ऋणाची गोष्ट याहून गंभीर. मृताच्या मालमत्तेंतून प्रथम दफनाचा खर्च, मग कर्जफेड, मग तिसऱ्या हिश्शापर्यंत मृत्युपत्र, आणि शेवटीं वारसांच्या वांटण्या, असा क्रम आहे. एका कर्जदाराचा जनाजा आला असतां पैगंबर महंमद यांनीं स्वतः नमाज पढण्यास नकार दिला, व अबू कतादा यांनीं तें कर्ज अंगावर घेतल्यानंतरच ते पुढें झाले, अशी कथा हदीसांत आहे. आजही पुष्कळ ठिकाणीं जनाज्याच्या वेळीं मृताचा मुलगा किंवा भाऊ जमलेल्या लोकांस विचारतो, “यांच्याकडे कोणाचें कांहीं येणें असल्यास आम्हांस सांगावें, नाहीं तर माफ करावें.” त्या गर्दींत कधीं एखादा वाणीही उभा असतो, उधारीचा आंकडा सांगावा कीं सोडून द्यावा, हें त्यानें तेथेंच ठरवावयाचें असतें.