एकमताचा नियम आणि नाट्याची घडण : ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’चा एक अभ्यास

रेजिनाल्ड रोझ या अमेरिकन लेखकाची ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ ही कृती १९५४ मध्ये दूरचित्रवाणीवर प्रथम सादर झाली. पुढे तिची रंगभूमीसाठी संहिता सिद्ध झाली आणि १९५७ मध्ये सिडनी ल्युमेट यांनी तिच्यावर चित्रपट केला. आपल्याकडील अभ्यासक तिच्याकडे बहुधा या चित्रपटाच्या वाटेनेच वळतात. म्हणून प्रस्तुत विवेचनातील तपशीलही त्यावरूनच घेतले आहेत. अकरा जण एका बाजूस, सत्यनिष्ठ असा एकटा माणूस दुसऱ्या बाजूस आणि अखेरीस सत्याचा विजय, असे या कृतीचे रसग्रहण वर्गावर्गांतून केले जाते. ते अपुरे आहे. याचे साधे कारण असे की, सत्य काय होते हे ही कृती कोठेच सांगत नाही. बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या त्या अठरा वर्षांच्या मुलाने खून केला की नाही, या प्रश्नाचे उत्तर पडदा पडेपर्यंत मिळत नाही. मिळतो तो केवळ ‘दोषी नाही’ हा निर्णय. ‘दोषी नाही’ आणि ‘निर्दोष’ यांतील अंतर हीच या नाट्याची भूमी होय.

ज्यूरीच्या खोलीतील संघर्षाला जन्म देते ती एक कायदेशीर तरतूद. निर्णय कोणताही असो, तो बाराही जणांचा असला पाहिजे. पहिल्या मतदानात अकरा हात वर होतात. त्यांतील काही इतरांकडे पाहून, किंचित रेंगाळत वर होतात, हे दिग्दर्शकाने आवर्जून दाखविले आहे. बहुमताचा नियम असता तर नाटक याच क्षणी संपले असते. बारावे मत आवश्यक असल्यामुळेच अकरांना बोलावे लागते, कारणे द्यावी लागतात आणि कारणे देऊ लागताच ती किती पोकळ आहेत हे उघडे पडते. स्थल, काल आणि कृती यांची अन्विती येथे कलात्मक हौस म्हणून आलेली नाही. एकमत होईपर्यंत दार बाहेरून बंद राहणार, या नियमातून ती आपोआप निष्पन्न झाली आहे.

हे किती निर्णायक आहे ते मुंबईच्या इतिहासाशी तुलना केल्यास स्पष्ट होईल. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या सत्र न्यायालयातील ज्यूरी नऊ जणांची होती आणि तिने आठ विरुद्ध एक अशा मताने आरोपीस दोषी नसल्याचे ठरविले. येथे एकमताची अट नव्हती. त्या एकट्या नवव्या सभासदाला इतरांना थोपवून धरण्याचे साधन कायद्याने दिलेलेच नव्हते. निर्णय न पटल्यामुळे प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले ते न्यायाधीशांनी. म्हणजे विसंवादी मताचे कार्य आपल्या व्यवस्थेत ज्यूरीच्या खोलीबाहेर, न्यायासनावरून झाले. (या खटल्याबरोबर आपल्याकडील ज्यूरीपद्धती तत्काळ संपली, ही रूढ समजूत मात्र बरोबर नाही, ती टप्प्याटप्प्याने गेली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही.) बासू चटर्जी यांचा ‘एक रुका हुआ फैसला’ हा १९८६ चा हिंदी चित्रपट पाहताना जो एक अधांतरीपणा जाणवतो, त्याचे मूळ येथे आहे. अभिनय कसदार आहे; पण ज्या नियमावर सारी इमारत उभी, तो नियम आणि ती संस्थाच या भूमीत नाही. प्रेक्षक ती एक गृहीतक म्हणून स्वीकारतो, अनुभव म्हणून नव्हे.

एकमताच्या नियमाचे दोन परिणाम नाट्यात दिसतात व ते परस्परविरोधी आहेत. पहिला परिणाम म्हणजे खासगी अनुभवाला मिळालेला वाव. खोलीतील माणसे आपापले आयुष्य बाहेर ठेवून येऊ शकत नाहीत. तिसरा सभासद आरोपीत स्वतःचा दुरावलेला मुलगा पाहतो. दहाव्याला झोपडपट्टीतील प्रत्येक माणूस जन्मजात खोटारडा वाटतो. यास आपण पूर्वग्रह म्हणतो. परंतु पाचवा सभासद झोपडपट्टीतच वाढला आहे आणि खटक्याचा चाकू हातात कसा धरतात, घाव खालून वर कसा जातो, हे त्यालाच ठाऊक आहे. नववा सभासद वृद्ध आहे. उपेक्षित म्हाताऱ्या साक्षीदाराला एकदा तरी कोणी आपले ऐकावे असे का वाटले असेल, हे त्यालाच उमगते. चौथ्याला नाक चोळताना पाहून साक्षीदार स्त्रीच्या नाकावरील चष्म्याच्या खुणा आठवतात त्याही यालाच. तेव्हा ज्या झऱ्यातून पूर्वग्रह येतो त्याच झऱ्यातून ज्ञानही येते. वस्तुनिष्ठता म्हणजे स्वतःस पुसून टाकणे, असे ही कृती मानत नाही.

यावर कायद्याच्या अभ्यासकाचा आक्षेप असा की, आठव्या सभासदाने बाहेरून तसाच चाकू विकत आणून टेबलावर रोवणे हे सर्वस्वी नियमबाह्य आहे. आक्षेप खरा आहे. न्याय्य प्रक्रियेची महती गाणारी ही कृती प्रक्रियेच्या एका उल्लंघनावर उभी आहे आणि लेखकाने ते फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. एकमताचा नियम जसा अकरांना बोलावयास लावतो, तसाच एकट्याला वाकवूही शकतो. आठवा सभासद आरंभी गुप्त मतदान सुचवितो आणि अकराही मते पुन्हा ‘दोषी’ अशी आली तर आपण त्यांच्याबरोबर जाऊ, असे कबूल करतो. रसग्रहणांत या प्रसंगाकडे जवळजवळ दुर्लक्षच होते. एका मुलाचा जीव तो एका चिठ्ठीवर लावतो. ती चिठ्ठी नवव्याने दिली नसती, तर आपला हा नायक निमूटपणे फाशीच्या बाजूस गेला असता. त्याचे धैर्य एकट्याचे नाही. ते दुसऱ्या माणसावर अवलंबून आहे, आणि म्हणूनच ते विश्वसनीय वाटते.

पुढे सातवा सभासद बेसबॉलचा सामना चुकू नये एवढ्यासाठी मत बदलतो. ते मत आरोपीच्या हिताचे आहे. तरीही परदेशातून आलेला घड्याळजी, म्हणजे अकरावा सभासद, त्याला धारेवर धरतो आणि कारण मागतो. आपल्या बाजूस पडलेले मतही विचाराविना नको, असे म्हणणारा हा एकटाच. या नाट्याची सदसद्विवेकबुद्धी आठव्यापेक्षा या माणसात अधिक वसते, असे म्हणावयास हवे.

मग शेवटच्या मताचे काय? आकडे आता उलटले आहेत. अकरा ‘दोषी नाही’ आणि तिसरा एकटा. चित्रीकरण जसजसे पुढे जाते तसतसा कॅमेरा खाली उतरतो, छत दिसू लागते, भिंती जवळ येतात. तो कोंडमारा आता याच्या वाट्यास आला आहे. आरंभी एकट्या पडलेल्या माणसाला बोलावयास वेळ मिळाला होता. यालाही तो मिळतो, पण अकरा जण गप्प राहून पाहतात आणि त्या स्तब्धतेत तो आपल्या मुलाचे छायाचित्र फाडून कोसळतो. त्याला पटले आहे काय? चष्म्याच्या खुणांनी चौथ्याचे मत पालटले, ते युक्तिवादाने. तिसऱ्याचे मत दुःखाने पालटते. घड्याळजीने सातव्याला विचारलेला प्रश्न त्याला कोणी विचारत नाही, घड्याळजीही नाही.

इतर निघून जातात. आठवा मागे थांबतो, खुंटीवरचा कोट उचलतो आणि तिसऱ्याला तो घालावयास मदत करतो. त्या प्रसंगी दोघांपैकी कोणीच बोलत नाही. न्यायालयाच्या पायऱ्यांवर आठवा आणि नववा एकमेकांना प्रथमच आपली नावे सांगतात. तिसऱ्याचे नाव आपल्याला कधीच कळत नाही.