वजनकाटा जे सांगत नाही

बेंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा परिसर व्हाइटफील्ड व बाह्य वर्तुळाकार मार्गावरील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांमुळे देशभर परिचित झाला आहे. महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही येथे राहतात. संगणकापुढील बैठे काम, वाहतूक कोंडीत जाणारे तास, परदेशी ग्राहकांच्या घड्याळानुसार लांबणारी रात्र आणि उशिराचे जेवण, असा येथील अनेकांचा दिनक्रम असतो. बँकेच्या काउंटरमागील कर्मचाऱ्याचा दिवसही बसूनच जातो. ‘वजन तर बेताचेच आहे’ या विचाराने अशा वेळी मोठा दिलासा मिळतो. तो नेहमीच खरा असतो का?

समान वजन, असमान चरबी

या प्रश्नाचे उत्तर पुण्यातील संशोधनाने दिले आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेतील वजनाचा निर्देशांक, २२.३ होता. मात्र शरीरातील चरबी मोजली असता युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. ही तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

पुण्याजवळील खेड्यांत १९९३ पासून सुरू झालेल्या अभ्यासात याची मुळे जन्मापर्यंत पोहोचलेली दिसली. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो होते. वजन इतके कमी असूनही त्वचेखालील चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती.

पोटाभोवती व यकृतात चरबी साठली की इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो; रक्तातील साखर, मेद आणि रक्तदाब वाढू लागतात. चयापचयातील हा बिघाड दीर्घकाळ लक्षात येत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात १० कोटींहून अधिक व्यक्ती मधुमेही, तर १३ कोटींहून अधिक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होत्या.

प्रश्न जगण्याच्या गुणवत्तेचा

दोन जिने चढताना लागणारी धाप, गुडघेदुखी, घोरण्यामुळे मोडणारी झोप आणि दुपारची ग्लानी ही ‘वयाची लक्षणे’ म्हणून सोडून दिली जातात. त्यातून कामातील उत्साह कमी होतो, सहली टळतात, मुलांबरोबरचे खेळ थांबतात. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने लठ्ठपणाचे निदान केवळ बीएमआयवरून न करता अवयवांचे कार्य आणि दैनंदिन हालचालींवरील मर्यादाही विचारात घ्याव्यात, असे सुचविले.

चेन्नईचा दिलासा

डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आहारातील बदल आणि रोज अर्धा तास वेगाने चालणे एवढ्याने मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. विशेष म्हणजे, त्यांचे सरासरी वजन घटलेले नव्हते. अधिक वजन असलेल्यांनी ते ५ ते १० टक्क्यांनी कमी केल्यास निश्चितच लाभ होतो. परंतु काटा हलला नाही म्हणून चालणे सोडणे ही चूक ठरते.

एवढे अवश्य करावे

• कंबरेचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांसाठी ९० सें.मी. व स्त्रियांसाठी ८० सें.मी. ही मर्यादा मानली जाते.
• भारतीयांच्या बाबतीत बीएमआय २३ झाल्यापासूनच सावध व्हावे.
• तिशीनंतर रक्तदाब, साखर व रक्तातील मेद यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित करावी.
• दर तासाला खुर्ची सोडून काही मिनिटे चालावे.
• रात्रीचे जेवण लवकर व हलके घ्यावे. ताटात डाळी, उसळी व भाज्यांचे प्रमाण वाढवावे.
• रात्रपाळी असली तरी झोपेची वेळ शक्यतो निश्चित ठेवावी.

खात्यातील शिलकेचा हिशेब काटेकोरपणे ठेवणाऱ्यांनी कंबरेच्या मापाचीही नोंद ठेवावी. निवृत्तीनंतरची पुंजी उपभोगण्यासाठी चालते-फिरते शरीरही हवे.